ट्रॉम्बेचे उष्ण पाणी आणि अंशांचा हिशेब

मुंबईला सुरुवातीची वीज मिळाली ती सह्याद्रीच्या पाण्यातून. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथील जलविद्युत केंद्रांमुळे किनाऱ्यावर मोठे औष्णिक केंद्र उभारण्याची निकड बरीच वर्षे भासली नाही. १९५६ साली ट्रॉम्बेत ते उभे राहिले, त्याच वर्षापासून शेजारी अणुभट्ट्या येऊ लागल्या आणि थंडाव्यासाठी ठाणे खाडीचेच खारे पाणी वापरून, तापल्यावर ते परत सोडले जाऊ लागले. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने पाण्याच्या भौतिक गुणधर्मांतील बदलही प्रदूषणात धरला, त्यामुळे उष्णता कायद्याच्या कक्षेत आली. पण सांडपाणी आणि रसायने यांच्यापुढे ती दुय्यमच राहिली.

खरा वाद अंशांचा आहे. १९८६ च्या नियमांनुसार कंडेन्सरमधून (वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडणारे पाणी आत घेतलेल्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून अधिक उष्ण असता कामा नये, अशी मर्यादा होती. डिसेंबर १९९८ च्या अधिसूचनेने ती बदलली. नदी-तलावांवरील नव्या केंद्रांना शीतकरण मनोरे (तापलेले पाणी हवेने थंड करून पुन्हा वापरता येईल असे उंच मनोरे) बंधनकारक झाले, समुद्राचे पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांना ७ अंशांची मुभा मिळाली आणि जुन्या केंद्रांसाठी कंडेन्सरच्या दोन तोंडांमधील, म्हणजे आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्यातील, फरक १० अंशांपर्यंत चालेल, असे ठरले. ट्रॉम्बे जुन्यांत मोडते.

शिथिलतेच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद पोकळ नाही. ५०० मेगावॉटच्या संचाला १० अंशांची वाढ धरली तरी सेकंदाला साधारण १५ ते २० घनमीटर पाणी लागते. वाढ निम्मी करायची तर पाणी दुप्पट ओढावे लागते आणि त्याबरोबर माशांची अंडी व पिल्लेही दुप्पट खेचली जातात. शिवाय नळांत शिंपले धरू नयेत म्हणून सोडलेल्या क्लोरीनचा प्रश्न असतोच. तथापि हा हिशेब खुल्या समुद्राला शोभतो. तारापूरला १९६९ पासून सोडले जाणारे उष्ण पाणी अरबी समुद्रात पसरते. ठाणे खाडी मात्र उत्तरेकडे निमुळती व उथळ होत जाते आणि ओहोटीने गेलेले पाणी बरेचसे पुढच्या भरतीने परत येते. भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाण्याची ये-जा मंदावते, तेव्हा आत घेतले जाणारे पाणीच आधी तापलेले असू शकते. केवळ दोन तोंडांमधील फरक मोजणाऱ्या नियमाला हे दिसतच नाही, आणि या तरतुदीचा सर्वांत मोठा दोष हाच म्हटला पाहिजे.

मे महिन्यात मुंबईजवळचे समुद्राचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते. उष्ण कटिबंधातील जलचर सहनशक्तीच्या वरच्या टोकाशीच जगत असल्याने थंड प्रदेशात निभावून जाणारी वाढ येथे जड जाते. बोय किंवा जिताडा पोहून दूर जाऊ शकतो; खडकाला चिकटलेल्या कालवांना आणि चिखलातल्या शिवल्यांना ती सोय नाही.

खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत खाडीचा समावेश झाला. २०१५ च्याच डिसेंबरमध्ये पाणी एकदा वापरून सोडून देणाऱ्या सर्व औष्णिक केंद्रांना शीतकरण मनोरे बांधण्याचा आदेश निघाला होता. पुढे, २०१८ च्या दुरुस्तीने, समुद्राचे पाणी वापरणारी केंद्रे त्यातून वगळण्यात आली.