पार्श्वभूमी : रेट्रो कॉन्सेप्ट गाडी शोरूमपर्यंत कधी येते, कुठे अडते

मिलानच्या 2018 च्या मोटरसायकल प्रदर्शनात रॉयल एन्फिल्डने कॉन्सेप्ट केएक्स उभी केली. कॉन्सेप्ट म्हणजे विक्रीसाठी नव्हे, कल्पना दाखवायला केलेली नमुन्याची गाडी; रेट्रो म्हणजे जुन्या घाटाची. 838 सीसीचे व्ही-ट्विन (दोन सिलिंडर व्हीच्या आकारात) इंजिन, 90 बीएचपी, आणि घाट 1938 च्या 1140 सीसी केएक्सचा. ‘ही आली तर बुलेट विकून घेऊ’ ही भाषा तेव्हापासूनची. गाडी आली नाही. त्याच प्रदर्शनात 2021 ला दिसलेली एसजी650 मात्र 2024 उजाडताच शॉटगन 650 म्हणून विक्रीला लागली.

हा फरक इंजिनाचा. एसजी650 मधले 648 सीसीचे पॅरलल-ट्विन (दोन सिलिंडर शेजारी-शेजारी) तोवर कंपनीच्याच इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेन्टल जीटीमध्ये तीन वर्षे मुरलेले होते. केएक्सचे इंजिन विक्रीतल्या कुठल्याच गाडीत नव्हते. टाकी, सीट, हँडल बदलणे त्या मानाने सोपे. नव्या इंजिनाला मात्र क्रँककेसचे डाय, हेडचे साचे, मशिनिंगची नवी लाइन आणि उत्सर्जनाच्या चाचण्या असे सगळे पहिल्यापासून लागते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला शॉकअप, अलॉय व्हील आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनतात, त्यामुळे तिथल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. हस्कवर्नाच्या विटपिलेन 401 चेही तसेच: 2014 ला कॉन्सेप्ट, इंजिन केटीएमच्या ड्यूक 390 चे तयार, म्हणून गाडी आली. अपवाद होंडाच्या सीबी-एफ कॉन्सेप्टचा. 2020 ला दाखवली, इंजिन घरचेच होते, तरी सीबी1000एफ विक्रीला यायला 2025 उजाडले.

जुन्या आठवणींचा पाया सगळ्यांना ठाऊक आहे: म्हैसूरची जावा-येझदी, 1983 ची राजदूत 350, आणि 1985 ते 1996 ची यामाहाची आरएक्स100. आरएक्सच्या पुनरागमनाची बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी फिरते, पण गणित अवघड आहे. आरएक्सचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, म्हणून 98 सीसीतून 11 बीएचपी निघायचे. पण ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असतानाच त्यातले काही एक्झॉस्ट पोर्टमधून न जळता निसटते, शिवाय ऑइल जळते ते वेगळेच. उत्सर्जनाच्या बीएस-6 नियमांत हे बसवणे जवळपास अशक्य. फोर-स्ट्रोक 100 सीसीतून आठच्या आसपास पीएस (बीएचपीच्या जवळपासचेच ताकदीचे माप) मिळतात. म्हणून ते नाव लहान इंजिनाला द्यायचे नाही, ही यामाहाची जाहीर भूमिका पटण्यासारखी आहे.

खरा वाद फिन्स (सिलिंडरवरच्या, उष्णता हवेत सोडणाऱ्या पट्ट्या) आणि रेडिएटरचा. रेट्रो गाडीला उघडे, फिन्सवाले सिलिंडर हवेच, हा चाहत्यांचा हट्ट. एप्रिल 2020 ला बीएस-6 आल्यानंतर मात्र तो महाग पडतो. एअर-कूल्ड इंजिन तापले की पूर्वी मिश्रण जरा श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवून थंड ठेवता यायचे. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मोजूनमापून मिश्रण लागते, त्यामुळे ती सोय उरली नाही. मग कॉम्प्रेशन कमी ठेवा आणि ताकद सोडा. रॉयल एन्फिल्डच्या नव्या क्लासिक 350 चे 349 सीसी 20 बीएचपीवर थांबते, ते एअर-ऑइल कूलिंगमुळे आणि लाँग-स्ट्रोक (सिलिंडरच्या व्यासापेक्षा पिस्टनची धाव लांब) रचनेमुळे. 2018 च्या जावाने रेडिएटर घेतला आणि 293 सीसीतून 27 बीएचपी काढले. वरून फिन्स दाखवायला ठेवल्या. ट्रायम्फच्या स्पीड 400 मध्येही तेच: 398 सीसी, 40 पीएस, फिन्स आहेत आणि पुढे रेडिएटरही.

‘खोट्या फिन्स’ म्हणून यावर बरेच नाक मुरडले गेले. मे महिन्यात मराठवाड्यात पारा 42-43 वर असताना संभाजीनगरच्या क्रांती चौकाच्या सिग्नलवर गाडी उभी असेल, तर एअर-कूल्ड सिलिंडरला वारा मिळत नाही; रेडिएटरचा पंखा तिथे कामाला येतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्याला रेडिएटरच सोयीचा. खोड वेगळीकडे आहे. कूलंट उतरले की बोअरचे पाणी ओतायची सवय. ते जड असते. सिलिंडरच्या हेडमधल्या अरुंद वाटांत क्षाराचा थर बसतो, उष्णता अडते आणि हेड गॅस्केट (हेडखालचे सील) जाते. कूलंट तयार मिसळलेले नसून घट्ट (कॉन्सन्ट्रेट) असेल, तर त्यात सारख्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. कच्च्या रस्त्याच्या गाडीचा रेडिएटर मागच्या बाजूने हलक्या धारेने धुवावा. जोराच्या प्रेशरने पात्या वाकतात.

कॉन्सेप्ट ते उत्पादन या वाटेवर काय गळते, हे शॉटगनवर दिसते. एसजी650 ची टाकी ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेली होती; विक्रीच्या गाडीला 13.8 लिटरची स्टीलची आली. मागे सीट असेल तर नियमाने धरायला कडी, फूटरेस्ट आणि मागचे चाक निम्मे झाकणारे आवरण, म्हणजे साडीगार्ड, लागतेच. कॉन्सेप्टच्या चित्रात ते सहसा नसते.

म्हणून नावाच्या ट्रेडमार्कवर किंवा डिझाइन नोंदणीच्या चित्रावर फार विसंबू नये. दोन्ही नुसती जागा अडवायलाही घेतात. रस्त्यावर झाकपाक केलेली चाचणीची गाडी दिसली, तिला आरसे, नंबरप्लेटवरचा दिवा, एबीएसची (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) चाकावरची रिंग आणि साडीगार्ड असेल, तर ती शोरूमच्या वाटेवर आहे असे धरायला हरकत नाही. केएक्सच्या व्ही-ट्विनच्या बाबतीत अजून तेवढेही हाती लागलेले नाही.