वाळवंटी डोंगरउतारांवरची खडकाळ माती (वालुकाश्म आणि शेल)

वालुकाश्म आणि शेल या दोन खडकांचे थर एकावर एक आहेत, पाऊस अगदीच कमी आहे आणि उतार चांगलाच खडा आहे, अशा जागी जी पातळ, दगडगोट्यांनी भरलेली माती तयार होते तिची ही नोंद. आपल्या देशात कच्छ, पश्चिम राजस्थान आणि लडाखमध्ये असे उतार आहेत, जगात याचा भरपूर अभ्यास झालाय तो अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावर. ठाणे-नवी मुंबईत ही माती मिळणार नाही, कारण येऊर, पारसिक, खारघर हे सगळे डोंगर बेसाल्टचे आणि वर्षाचा पाऊस अडीच हजार मिमीच्या आसपास. पण इथली मंडळी हिवाळ्यात कच्छला आणि उन्हाळ्यात लडाखला जातात, गाडीच्या काचेतून ते डोंगर बघतात आणि "नुसते दगड आहेत, काही उगवत नाही" म्हणून पुढे निघतात. तिथे थांबून खाली वाकून बघावं असं फार काही असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी उताराचं समजून घेऊ. माती म्हणजे खडक कुजून तयार झालेला चुरा, अधिक हवा, पाणी, जिवाणू आणि भरपूर वेळ. सपाटीवर हा वेळ मिळतो, खड्या उतारावर मिळत नाही, कारण जेवढं तयार होतं तेवढं वाऱ्याने, पाण्याने आणि नुसत्या वजनाने खाली सरकतं. त्यामुळे ही माती हजारो वर्षं झाली तरी कोवळीच राहते, तिच्यात वेगवेगळे थर पडतच नाहीत, वर थोडा चुरा आणि खाली लगेच कातळ. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७५ साली मातीचं जे वर्गीकरण छापलं (नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थाही तेच वापरते) त्यात अशी माती एंटिसोल या गटात जाते, कोरड्या हवेतली असेल तर टोरिऑर्थेंट, आणि ५० सेंमीच्या आत कातळ लागला तर लिथिक टोरिऑर्थेंट. प्रत्यक्षात खूपदा १० ते २५ सेंमीवरच पहार खणकन वाजते.

आता दोन खडकांचा फरक, आणि सगळी गंमत इथेच आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण सिलिका, चुना किंवा लोहाच्या ऑक्साइडने एकमेकांना चिकटून झालेला दगड. नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या गेटला, कंपाऊंडला जो गुलाबी किंवा पिवळट राजस्थानी दगड लावतात तो बहुतेक वेळा हाच असतो, त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, मुरतो. हा दगड कण-कण सुटून झिजतो, त्यामुळे त्याच्यावरची माती रेताड, मोकळी, पाणी पटकन आत घेणारी. शेल मात्र जुन्या समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाचा चिखल दाबला जाऊन झालेला, पापुद्र्या-पापुद्र्यांचा. त्याचा तुकडा पाण्याच्या वाटीत टाकला तर पुष्कळदा थोड्या वेळात त्याचा चुरा होतो, काही मऊ शेल तर अक्षरशः डोळ्यांसमोर विरघळल्यासारखे ढासळतात. त्यातून येते चिकणमाती, आणि त्यात स्मेक्टाइट जातीची माती असेल तर ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. वरचा थर फुगून भुसभुशीत होतो, पाय टाकला की रुततो, आणि पावसाची पहिली सर पडली की त्याच भेगा फुगून बंद होतात आणि बाकीचं सगळं पाणी वरून वाहून जातं.

शेलमध्ये आणखी एक गोष्ट असते ती म्हणजे मीठ. समुद्रात तयार झालेला असेल तर जिप्सम आणि सोडियमचे क्षार त्यात अडकलेले असतात, आपल्याकडच्यासारखा पाऊस असता तर ते कधीच धुऊन गेले असते, वाळवंटात ते तसेच राहतात आणि सुकताना पांढरी पुटं होऊन वर येतात. युटा-कोलोरॅडोमधला मॅन्कोस शेल हे याचं ठळक उदाहरण, क्रिटेशस काळातल्या समुद्राचा हा गाळ, त्यातून क्षार आणि सेलेनियम आजही कोलोरॅडो नदीत उतरतात आणि खालच्या शेतीला त्याचा त्रास होतो.

दोन्ही खडक आलटून पालटून आले की डोंगराला पायऱ्या पडतात. वालुकाश्म टिकाऊ म्हणून त्याचा सरळ कडा, शेल मऊ म्हणून त्याचा तिरका उतार. ग्रँड कॅन्यनमध्ये कोकोनिनो वालुकाश्माचा कडा आणि त्याच्याखाली हर्मिट शेलचा लालसर उतार हे लांबूनही ओळखता येतं. खालचा शेल झिजत गेला की वरच्या कड्याचा आधार जातो आणि मोठमोठे ठोकळे तुटून खाली येतात, म्हणून शेलच्या उतारावरच्या मातीत वालुकाश्माचे दगड मिसळलेले सापडतात. कच्छमधला काळो डुंगर (साडेचारशे मीटरच्या वर, जिल्ह्यातला सगळ्यात उंच) हाही ज्युरासिक काळातल्या वालुकाश्म, शेल आणि चुनखडकाच्या थरांचा, तिथे वर गाड्यांची गर्दी असते पण रस्त्याच्या कापलेल्या बाजूकडे बघितलं तर थर स्पष्ट दिसतात. आपल्या सह्याद्रीतल्या ट्रेकर्सना घसारा (सुट्या दगड-मातीचा निसरडा उतार) माहीतच आहे, इथे घसारा म्हणजे जवळजवळ अख्खा उतार, आणि तो ३०-३५ अंशांच्या कोनात कसाबसा टिकलेला असतो, वरून एकजण चालला की खालच्याने बाजूला राहायचं.

एक दगड उचलून बघण्यासारखा असतो. बरीच वर्षं न हललेला दगड असेल तर त्याची वरची बाजू काळपट, चकचकीत असते, तो मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडचा अगदी पातळ लेप, धूळ आणि ओलावा यांतून हजारो वर्षांत बसलेला. तोच दगड उलटा केला की खालून पांढरा, तो चुना. थोडंसं पाणी मातीत उतरतं, चुना विरघळवून खाली नेतं आणि दगडाच्या पोटाशी अडून सुकतं, चुना तिथेच राहतो. अशा मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते, सामू (pH) साधारण ८ च्या आसपास किंवा वर. सेंद्रिय भाग बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही खाली. दगडांच्या मधली वरची दोन-तीन सेंमी माती अलगद उचलून फोडली तर आत बारीक बारीक पोकळ्या दिसतात, आंबोळीला पडते तशी जाळी, ती ओलं-कोरडं होताना अडकलेल्या हवेची. दिसायला छान, पण या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे पाणी आत जायला उलट अडथळाच होतो.

पाण्याचा हिशोब केला की ही जागा किती काटकसरीवर चालते ते कळतं. समजा माती ४० सेंमी खोल आहे आणि त्यात निम्मे दगड आहेत, म्हणजे खरी माती २० सेंमी. रेताड पोयट्यात झाडाला वापरता येईल असं पाणी साधारण दर सेंमीला सव्वा मिमी धरलं तर पूर्ण भिजल्यावरही जेमतेम २५ मिमी. ठाण्यात जुलैच्या एखाद्या जोरदार सरीत तेवढं तासाभरात पडतं, त्या झाडांना मात्र ते महिनोन्महिने पुरवायचं असतं.

तरीही, आणि हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, वाळवंटात बऱ्याचदा चिकणमातीपेक्षा हीच दगडाळ रेताड जागा झाडांना बरी. आपल्याकडे ओलावा धरणारी काळी माती म्हणजे चांगली माती, पण जिथे पाऊस थोडाथोडाच पडतो तिथे चिकणमाती ते पाणी वरच्या वर धरते आणि ऊन ते उडवून नेतं. रेताड जागेत पाणी चटकन खाली जातं, दगड सावली धरतात, आणि कातळाच्या भेगेत आजूबाजूच्या उघड्या दगडावरचं पाणी वाहून येऊन साठतं. म्हणून झुडपं सरसकट नसतात, भेगेच्या रेषेत ओळीने उभी असतात. कच्छ-राजस्थानच्या खडकाळ उतारांवर थोर आणि गुग्गुळ असेच उगवतात. गुग्गुळाच्या डिंकासाठी झाडांना इतके घाव घातले गेले की आज ते जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि हे आयुर्वेदिक दुकानातून ती गोळी घेणाऱ्या आपल्यासारख्यांना माहीत असायला हवं. शेलच्या बाजूला मात्र खारं सहन करणारी मोजकीच झुडपं, कित्येक उतार पूर्ण उघडे.

झुडपांच्या मधली जमीन रिकामी वाटते तीही नसते. कोलोरॅडो पठारावर वालुकाश्मातून आलेल्या मातीवर काळी, खडबडीत पापुद्र्यासारखी साय असते, सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांची मिळून. सायनोबॅक्टेरियाचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. ओली असताना ती हिरवट होते, कोरडी असताना ठिसूळ, आणि एका बुटाने मोडली तर नीट भरून यायला दशकं जातात. म्हणून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत पायवाटेवर, उघड्या कातळावर किंवा ओढ्याच्या वाळूतच चालायला सांगतात.

डोंगर ढासळायची तऱ्हाही वेगळी. कळवा-मुंब्र्याच्या बाजूला दरडीची भीती असते ती पाऊस लागून राहिल्यावर, माती पाणी पिऊन जड झाली की. वाळवंटी उतारावर भिजायला वेळच मिळत नाही, अर्ध्या तासाचा मुसळधार पाऊस आला की दगड, चिखल सगळं नाल्यातून एकदम खाली येतं. लेहला वर्षाला साधारण १०० मिमीच पाऊस पडतो, तरी ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री ढगफुटीनंतर असेच चिखलाचे लोंढे गावात शिरले आणि दोनशेच्या वर माणसं गेली. लेहच्या माथ्यावरचा खडक ग्रॅनाइट आहे, वालुकाश्म-शेल सिंधूच्या पलीकडच्या बाजूला, पण उघड्या, कोरड्या उतारावर पाणी वागतं ते असंच.

या जमिनीवर शेती होत नाही. थोडी चराई होते आणि तीही मोजूनमापून केली तरच ठीक, कारण शेळ्यांच्या खुरांनी सुटलेली दोन सेंमी माती ही तिथे बऱ्याच काळाची कमाई असते. रस्ता कापताना शेलचा थर उघडा पडला तर तो फुगतो, सरकतो, म्हणून तिथे पाणी बाजूला काढायची गटारं आधी लागतात आणि भिंत नंतर. झाडं लावायची तर सरसकट खड्डे खणून उपयोग नाही. जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी २००६ पासून राव जोधा उद्यानात खडकाळ जमिनीवर (मुख्यतः रायोलाइट, काही ठिकाणी वालुकाश्म) वेडी बाभूळ (बाहेरून आणलेली, सगळीकडे पसरणारी काटेरी झाडं) काढून तिथलीच झाडं परत लावली. त्यासाठी खाणकाम करणाऱ्या स्थानिक कारागिरांना बोलावलं, ते छिन्नी-हातोड्याने दगड ठोकून आवाजावरून आत भेग कुठे आहे ते ओळखायचे, आणि जिथे भेग तिथेच खड्डा घ्यायचे.