झोपलेलं बी आणि मेलेलं बी

तेरडा आठ-दहा दिवसांत वर येतो. कळलावीची कुंडी मात्र महिना-दोन महिने नुसती माती दाखवत बसते. पुण्याच्या बाल्कनीत कुंड्यांची कायमच टंचाई, त्यामुळे श्रावण लागायच्या आत ती उपसून तिथे कोथिंबीर पेरली जाते. बी मेलेलं होतं, असा निकाल. खूपदा ते फक्त झोपलेलं असतं.

वरून दोन्ही सारखीच दिसतात, हीच पंचाईत. त्यात सगळ्यात मोठा घोळ घालते ती भिजवण्याची परीक्षा. रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलं तर जिवंत, नाही तर फेका, असं सर्रास सांगतात. पण मेलेलं बीही पाणी पितं! फुगायला जीव लागत नाही, कवचातून पाणी आत शिरलं की पुरे. गोकर्णाच्या मूठभर बिया वाटीत भिजवून पाहा. सकाळी काही टम्म फुगलेल्या, काही जशाच्या तशा, काळपट आणि टणक. या टणक बियाच आधी कचऱ्यात जातात. खरं तर त्यांच्यात पाणीच गेलेलं नसतं, म्हणजे आतला अंकुर धड असण्याची शक्यता चांगली. बीच्या डोळ्याच्या, म्हणजे शेंगेला चिकटलेल्या जागेच्या खुणेच्या, विरुद्ध बाजूला कवच पॉलिश पेपरवर जरासं घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा आणि पुन्हा भिजवा. उलट फुगलेल्यांपैकी ज्या दोन-चार दिवसांत बुळबुळीत होऊन वास मारतात, त्या मेलेल्या. बहाव्याच्या बीलाही घासण्याचा उपाय चालतो. गुंजेलाही चालतो, पण गुंज जहाल विषारी. घरात लहान मुलं असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका.

तरंगणारं बी फोल, ही समजूत मोठ्या, जड बियांपुरती थोडीफार खरी. खरचुडी या रानवनस्पतीच्या बीला केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर उडायला. ते तरंगणारच.

खात्रीच हवी तर दोन-तीन बिया बळी द्या. ब्लेडने उभ्या चिरा. आत पांढरट आणि घट्ट दिसलं तर कुंडीला हात लावू नका. तपकिरी भुगा किंवा पोकळी निघाली तर विषय संपला. प्रयोगशाळेत यासाठी टेट्राझोलियमचं द्रावण वापरतात, त्यात बीचा जिवंत भाग लाल होतो. घरी ब्लेड पुरतं.

परदेशी व्हिडिओ पाहून बी फ्रीजमध्ये ठेवणारेही भेटतात. तो नियम बर्फातला हिवाळा काढणाऱ्या झाडांचा. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पावसाळ्यानंतर गळलेलं बी एप्रिल-मेचा चाळिशीला टेकणारा उन्हाळा कोरडंच काढतं आणि जूनमध्ये भिजतं. आपणही ते कागदी पाकिटात कोरडं ठेवावं आणि पावसाच्या तोंडावर पेरावं.

कळलावी पुन्हा एकदा फसवते. उगवली तरी पहिल्या वर्षी जेमतेम दोन-चार पानं, पाऊस सरला की तीही वाळतात. वर काहीच उरत नाही, मात्र मातीत इवलासा कंद असतो. मेली समजून कुंडी ओतू नका, आणि जगवायची म्हणून हिवाळाभर पाणीही घालू नका, नाहीतर तो खरोखरच कुजेल. फूल साधारण तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात. मधल्या काळात माती उकरून बघायचा मोह होतोच, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा: कंद विषारी असतो, आणि त्याचा कोंब टोकाशी असतो, जरा धक्का लागला की मोडतो.