मांजराची पिल्ले : दूध तुटणे व पाणी पिऊ लागणे

मांजराचे पिल्लू आईच्या दुधावरून घन अन्नावर येत असताना जिभेने पाणी प्यायला शिकते. हा काळ साधारणपणे जन्मानंतरच्या चौथ्या आठवड्यात सुरू होतो व सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत चालतो. चोखणे व जिभेने पिणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिली पिल्लू जन्मतःच घेऊन येते, दुसरी त्याला हळूहळू जमते. पिल्लू पाणी पीत नाही, ही पाळणाऱ्यांची काळजी बहुतांशी या दोहोंमधल्या दिवसांतली असते.

वाढीचा क्रम : जन्मतः पिल्लाचे वजन सु. ९० ते ११० ग्रॅ. भरते आणि ते रोज सु. १० ते १५ ग्रॅ. वाढते. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान उघडतात. दुधाचे दात एकूण २६. त्यांतले कृंतक (पुढचे कापणारे दात) तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात, मागोमाग सुळे येतात आणि उपदाढा सहाव्या आठवड्यापर्यंत पुऱ्या होतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक टी. सी. श्नाइर्ला व जे एस. रोझेनब्लाट यांनी १९६० च्या सुमारास स्तनपानाच्या तीन अवस्था मांडल्या, त्या आजही सामान्यतः मान्य आहेत. पहिल्या तीनेक आठवड्यांत आई स्वतः पिल्लांजवळ येऊन आडवी होते. पुढे पिल्लेच तिला शोधत जाऊन लुचू लागतात. त्यानंतर ती पोट जमिनीला टेकवून बसते किंवा पिल्लांना चढता येणार नाही अशा ठिकाणी जाऊन बसते. मोकळ्या फिरणाऱ्या मांजरी याच सुमारास पिल्लांपुढे भक्ष्य आणून टाकू लागतात, आधी मेलेले, मग जिवंत. म्हणजे निसर्गक्रमात दुधानंतरचे पहिले पाणी पिल्लाला उंदराच्या मांसातून मिळते, डबक्यातून नव्हे. घरात पाण्याची सवय लावतानाही हा क्रम लक्षात ठेवावा.

पाण्याची गरज : नवजात पिल्लाच्या शरीरात सु. ८०% पाणी असते, प्रौढ मांजरात सु. ६०%. पिल्लाची मूत्रपिंडे अपक्व असल्याने त्याला मूत्र घट्ट करून पाणी वाचवता येत नाही. ही क्षमता हळूहळू वाढत जाते. त्यामुळे लहान पिल्लाची द्रवाची गरज वजनाच्या मानाने फार मोठी असते. दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. १३० ते २२० मिलि. असा अंदाज पशुवैद्यकात दिला जातो. प्रौढ मांजराला ४० ते ६० मिलि. पुरते. या हिशेबाने ४०० ग्रॅ. वजनाच्या पिल्लाला दिवसाकाठी ५० ते ९० मिलि. द्रव लागतो. हा आकडा एकूण द्रवाचा आहे, वाटीतल्या पाण्याचा नव्हे. त्याच पिल्लाने ८०% पाणी असलेले पातळ खाद्य ६० ग्रॅ. खाल्ले, तर त्यातून ४८ मिलि. पाणी मिळाले; वर ते आईला लुचत असेल तर वाटीकडे न वळणे अगदी स्वाभाविक होय. कोरड्या खाद्यात मात्र पाणी जेमतेम ६ ते १०% असते. आईपासून तुटलेल्या पिल्लाला एकदम कोरड्या दाण्यांवर आणले आणि पिणे अजून जमत नसले, तर खरा धोका उभा राहतो. याच काळात दिसणारी बद्धकोष्ठताही पुष्कळदा पाण्याच्या कमतरतेची असते.

पिण्याची क्रिया : मांजर पाणी कसे उचलते याविषयी बराच काळ चुकीची समजूत होती. जीभ पळीसारखी वळवून पाणी आत ओढले जाते, किंवा जिभेवरचे काटे पाणी धरून ठेवतात, असे मानले जाई. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॅरल्ड एजर्टन यांनी अतिवेगवान चित्रणाने मांजराचे पिणे टिपले. १९४० मधील एका लघुपटात आलेल्या त्या दृश्यांवरून जिभेचे टोक खाली व मागे वळते हे दिसले, पण त्याचा अर्थ लावण्याचे काम पुढे सु. ७० वर्षे राहून गेले. पेद्रो रेइस, सुंगह्वान जुंग, जेफ्री अ‍ॅरिस्टॉफ व रोमन स्टॉकर यांचा शोधनिबंध सायन्स या नियतकालिकात २०१० मध्ये आला. त्यांच्या निरीक्षणानुसार मागे वळलेल्या टोकाची वरची गुळगुळीत बाजू पाण्याच्या पृष्ठभागाला केवळ स्पर्श करते, आत बुडत नाही. जीभ वर खेचली जाताच तिच्यामागे पाण्याचा बारीक स्तंभ उठतो. जडत्वाने पाणी वर चढत राहते व गुरुत्वाकर्षणाने खाली ओढले जाते. हा स्तंभ तुटण्याच्या बेतात असतानाच मांजर जबडा मिटते. प्रौढ मांजर सेकंदाला सु. साडेतीन वेळा जीभ चालवते व दर खेपेस सु. ०.१४ मिलि. पाणी उचलते. वाघ-सिंहासारखे मोठे मार्जारकुलीन प्राणी अधिक संथ गतीने पितात, आणि ही गती शरीराच्या वस्तुमानाच्या एक-षष्ठांश घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते (म्हणजे प्राणी जितका जड तितकी ती कमी), असे याच निबंधाचे प्रतिपादन आहे. कुत्रा मात्र जिभेचा द्रोण करून पाणी आत टाकतो, असा भेद पूर्वी केला जाई, पण ए. डब्ल्यू. क्रॉम्प्टन व कॅथरीन म्युझिन्स्की यांनी २०११ मध्ये क्ष-किरण चित्रणावरून दोहोंची मूळ यंत्रणा एकच असल्याचे दाखविले. कुत्र्याच्या जिभेच्या द्रोणात आलेले पाणी बव्हंशी सांडून जाते.

वरील मापे प्रौढ मांजरांची आहेत. पिल्लाच्या बाबतीत त्यांवरून एवढे निश्चित कळते की स्पर्शाची उंची आणि जबडा मिटण्याची वेळ या दोन्ही गोष्टी अचूक साधाव्या लागतात. चार आठवड्यांचे पिल्लू नाक पाण्यात घालते, शिंकते, मागे सरते आणि पुन्हा येते ते यामुळेच. लुचताना जीभ आचळाभोवती पन्हळीसारखी वळते व तोंडात पोकळी निर्माण होऊन दूध ओढले जाते. तीच क्रिया वाटीतल्या पाण्यावर केली की पाणी नाकात जाते. यात पिल्लाचा हट्ट नसतो आणि पाण्याची भीतीही नसते.

पाण्याची चव : मांजराला शुद्ध पाण्याची स्वतंत्र चव कळते का, हा जुना वादविषय आहे. स्टॉकहोम येथील यंगवे झॉटरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात मांजराच्या रुचितंत्रिकेत (चवीची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूत) पाण्याला प्रतिसाद देणारे तंतू असल्याचे नोंदविले. लिंडा बार्टोशुक व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये असे मांडले की ही पाण्याची चव साखरेची चव झाकून टाकते. ती सौम्य मिठाने दाबली तर मांजर साखरेचे पाणी पसंत करते. गॅरी बोशां व सहकाऱ्यांना १९७७ मध्ये मांजरांत गोडाची आवड आढळली नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीय संशोधनाने मार्जारकुलात गोड चवीच्या ग्राहीचा (चव ओळखणाऱ्या जिभेवरील रचनेचा) एक घटक घडविणारे जनुकच निकामी असल्याचे दाखविले. त्यामुळे बार्टोशुक यांचा निष्कर्ष आज मागे पडला आहे असे म्हणण्यास हरकत नाही. पाण्याला प्रतिसाद देणाऱ्या तंतूंचे निरीक्षण मात्र त्यामुळे रद्द होत नाही. व्यवहारात यावरून दोन गोष्टी निघतात. पिल्लाने प्यावे म्हणून पाण्यात साखर, गूळ वा मध घालणे व्यर्थ आहे. मांसाचा किंवा मासळीचा वास असलेल्या पाण्याकडे ते लवकर वळते.

कमी तहानेचे मूळ : मांजर मुळातच पाणी कमी पिते, याचे कारण त्याच्या वाळवंटी पूर्वजांत शोधण्याची प्रथा आहे. पाळीव मांजराचा पूर्वज फेलिस लिबिका हे रानमांजर असल्याचे कार्लोस ड्रिस्कॉल व सहकाऱ्यांच्या २००७ मधील आनुवंशिकीय अभ्यासाने बहुतेकांना मान्य झाले. या जातीचा प्रसार उत्तर आफ्रिका व नैर्ऋत्य आशियाच्या कोरड्या मुलखांत आहे. तिची एक उपजाती राजस्थान-कच्छ भागातही आढळते, पण ती पाळीव मांजराची पूर्वज मानली जात नाही. सायप्रसमधील शिलुरोकाम्बोस येथे माणसाशेजारी पुरलेले मांजर सु. ९,५०० वर्षांपूर्वीचे असावे. त्यावरून सहवासाची प्राचीनता दिसते, पण माणसाळण्याची नेमकी वेळ व जागा यांवर मतभेद आहेत. तहानेच्या प्रश्नाला यांतले काहीच निर्णायक नाही. मांजराचे मूत्र फार घट्ट असू शकते हे खरे. परंतु केवळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला भक्ष्यातूनच पुरेसे पाणी मिळते, ही वस्तुस्थिती अधिक थेट आहे. प्रेंटिस, वुल्फ व एडी यांनी १९५९ मध्ये मांस किंवा मासळी खाणारी मांजरे वेगळे पाणी न देताही पाण्याची गरज भागवू शकतात, असे प्रयोगाने दाखविले. वाळवंटाचे स्पष्टीकरण टाकून देण्याची गरज नाही, पण आहाराचे स्पष्टीकरण पुराव्याच्या अधिक जवळ आहे. आणि पिल्लू पाळणाऱ्याला उपयोगी पडते तेही तेच.

पाणी लावण्याची रीत : चौथ्या आठवड्यापासून पिल्लांसाठीच्या ओल्या खाद्यात कोमट पाणी किंवा पिल्लांच्या दुधाची पूड कालवून ते तान्ह्या बाळाच्या खिमटाइतके पातळ करतात व उथळ बशीत ठेवतात. प्रथम बोटाला लावून ओठांपाशी न्यावे, मग बोट हळूहळू बशीकडे आणावे. नाक धरून बशीत दाबू नये. पिल्लाला श्वास कोंडल्याचा अनुभव आला की ते बशीपासूनच दूर राहू लागते. दर दोन-तीन दिवसांनी खाद्य घट्ट करीत जावे व शेजारी स्वच्छ पाण्याची निराळी बशी पहिल्या दिवसापासून ठेवावी. पाणी बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नसावे. काठ पिल्लाच्या छातीपेक्षा खाली असावा आणि भांडे जड असावे. चिनीमातीची बशी किंवा मातीचे परळ त्यासाठी उत्तम. पिल्लू पाण्यात बसले तर लगेच पुसून ऊब द्यावी, कारण या वयात शरीराचे तापमान पटकन उतरते.

आई जवळ असणे हा सर्वांत मोठा आधार आहे. वांडा विरविका यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केळे खाण्यास शिकविलेल्या मांजरींची पिल्लेही केळे खाऊ लागली, मांसाच्या गोळ्या समोर असताना. आई जिथे पिते तिथे पिल्लांना पोहोचता येईल अशी पाण्याची बशी ठेवणे यावरून सयुक्तिक ठरते. दूध तुटले तरी पिल्लू लगेच आईपासून वेगळे करू नये. हेलसिंकी विद्यापीठातील २०१७ च्या एका मोठ्या सर्वेक्षणात आठ आठवड्यांच्या आत आईपासून काढलेल्या मांजरांत आक्रमकता अधिक आढळली व हा काळ चौदा आठवड्यांपर्यंत लांबविण्याची शिफारस संशोधकांनी केली.

गाई-म्हशीचे दूध : महाराष्ट्रात घराच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली व्यालेल्या मांजरीच्या पिल्लांपुढे पाण्याऐवजी दुधाची बशी ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यात माया असते, पण गफलतही आहे. लॅक्टोज ही साखर मांजरीच्या दुधातही असते, सु. ४%, गाईच्या दुधात ती पाच टक्क्यांच्या जवळ. मुख्य फरक प्रथिनांचा. मांजरीच्या दुधात ती सु. ७% व त्याहून अधिक असतात, गाईच्या दुधात साडेतीन टक्क्यांच्या आत, म्हशीच्या दुधात सु. ४%. म्हशीच्या दुधात स्निग्धांश पुरेसा असतो, तरी प्रथिनांची तूट राहतेच. शिवाय दूध सुटण्याच्या काळात लॅक्टोज पचविणारे एंझाइम कमी होत जाते, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि हगवण लागते. म्हणजे पाण्याऐवजी दिलेले दूध अंगातले पाणीच घालवते. दुधात पाणी मिसळल्याने पोषण आणखी घटते.

धोक्याची लक्षणे : प्रौढ मांजराची मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडण्याची परीक्षा लहान पिल्लांत भरवशाची नाही. हिरड्यांना बोट लावून पाहावे. त्या ओलसर व गुळगुळीत असाव्यात, चिकट लागू नयेत. लहान पिल्लाचे मूत्र जवळजवळ बिनरंगी असते. ते गडद पिवळे दिसले तर द्रव कमी पडतो आहे. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. वाटी किती रिकामी झाली यापेक्षा वजन वाढते की नाही हे पाहावे. वजन थांबले, पिल्लू सुस्त वा गार लागले किंवा हगवण-उलटी सुरू झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, तोंडावाटे काही देऊ नये. सिरिंजने पाणी घालणे पशुवैद्याच्या सांगण्यावरूनच, पिल्लू पोटावर टेकवून, गालाच्या बाजूने थेंबाथेंबाने करावे. उताणे धरून पाजल्यास पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो व तो जिवावर बेतू शकतो.

दूध तुटल्यानंतर : पाण्याच्या बश्या एकाहून अधिक ठेवाव्यात, मलपात्रापासून दूर, पाणी रोज बदलावे. विकत मिळणाऱ्या वाहत्या पाण्याच्या कारंज्यांचा गवगवा बराच आहे. प्रौढ मांजरांवरील २०१० व २०१९ मधील अभ्यासांत मात्र त्यांनी सरासरीत फारसा फरक पडलेला दिसत नाही. एखाद्या मांजराची वैयक्तिक आवड तेवढी आढळते. मार्च ते मे या महिन्यांत पत्र्याखाली किंवा माळ्यावर असलेल्या पिल्लांची जागा सावलीत हलवावी व ओल्या खाद्यात दर वेळी चमचाभर पाणी अधिक घालावे. उकाड्यात ओले खाद्य तास-दोन तासांत आंबते, म्हणून थोडे थोडे वाढून उरलेले काढून टाकावे.