बॅटरी संपली तरी दिसत राहणारी किंमत

मोठ्या किराणा दुकानांत फळीच्या कडेला कागदाऐवजी छोट्या इलेक्ट्रॉनिक किंमतपट्ट्या येऊ लागल्या आहेत. अमेरिकेत वॉलमार्टने २०२६ पर्यंत २,३०० दुकानांत त्या बसवण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. हजारो किमती एका जागेवरून बदलता येतात, हा उघड फायदा. पण खरी करामत वेगळीच आहे: बटणाएवढ्या सेलवर अशी पट्टी पाच-पाच वर्षे चालते.

तिच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण असतात, दोघांवरचे विद्युतभार एकमेकांविरुद्ध. सुमारे १५ व्होल्टचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. दाब काढला तरी ते जागचे हलत नाहीत. म्हणून वीज लागते ती किंमत बदलताना, दाखवताना नाही. सीआर२४५० या सेलची क्षमता साधारण ६०० मिलिअँपिअर-तास. तो पाच वर्षे पुरवायचा तर सरासरी १४ मायक्रोअँपिअरमध्ये भागवावे लागते!

नव्या किमतीचा निरोप बिनतारी येतो. तो घेणारा पट्टीतला रेडिओ सतत ऐकत राहिला तर हाच सेल आठवडाभरही टिकणार नाही. त्यामुळे २०२३ च्या ब्लूटूथ ५.४ मध्ये प्रत्येक पट्टीला ठरावीक क्षण नेमून दिला जातो. तेवढ्यापुरती ती जागी होते, निरोप घेते, उत्तर देते आणि पुन्हा झोपते. १२८ गट, प्रत्येकात २५५ पट्ट्या. निरोप पाठवणाऱ्या एका केंद्राला ३२,६४० पट्ट्या सांभाळता येतात.

यातले उत्तर सर्वांत मोलाचे. सेल संपलेली पट्टी कोरी होत नाही, जुनीच किंमत ठसठशीत दाखवत राहते. फळीवर ५२ रुपये, बिलात ५८, आणि गिऱ्हाइकाचा राग अगदी रास्त. म्हणून पोच आल्याशिवाय बदल झाला असे धरूच नये. दुकान उघडण्यापूर्वी उत्तर न दिलेल्या पट्ट्यांची यादी काढावी, सेल बदलावा, तोवर कागद चिकटवावा.

फ्रीजरमध्ये अडचण दुहेरी. द्रव दाटल्याने कण रेंगाळतात आणि जुन्या आकड्याची पुसट सावली उरते. शिवाय सेलचा अंतर्गत रोध वाढून ऐन बदलाच्या क्षणी व्होल्टेज कोसळते. तिथे थंडीसाठीच बनवलेल्या पट्ट्या घ्याव्यात, साध्या लावून पैसे वाचत नाहीत. काही पट्ट्यांत काळ्या-पांढऱ्याच्या जोडीला असणारा लाल रंग तर नेहमीच्या तापमानातही सर्वांत सावकाश उमटतो.

एक चूक मात्र रेडिओ पकडू शकत नाही. पट्टीचा आणि मालाचा बारकोड स्कॅन करून जोडी लावतात. माल दुसऱ्या फळीवर गेला आणि पट्टी मागे राहिली, तर यंत्रणेच्या लेखी सारे ठीकच. त्यासाठी फळ्यांवरून फिरून तपासणे हाच उपाय.

गर्दी पाहून भाव चढवले जातील ही भीती भारतात पाकीटबंद मालाच्या बाबतीत कमी आहे, कारण छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. संध्याकाळी उरलेल्या ब्रेडचा भाव उतरवता येईल. सुट्या भाजीला मात्र हे कुंपण नाही. तिथल्या पट्टीवर लक्ष ठेवावे.