रक्त पातळ करणारी औषधे आणि पडल्यावरचा मुका मार

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषधे घेणाऱ्या व्यक्तीला पडल्यामुळे किंवा आपटल्यामुळे होणारा अंतर्गत रक्तस्राव. तो त्वचेखाली, स्नायूत, सांध्यात, पोटात किंवा कवटीच्या आत होऊ शकतो. ही औषधे रक्ताचा दाटपणा बदलत नाहीत, गुठळी बनण्याचे काम मंदावतात. त्यामुळे एरवी लवकर थांबणारा रक्तस्राव जास्त वेळ चालू राहतो.

वॉरफेरिन आणि ॲसेनोकुमरॉल ही औषधे के जीवनसत्त्वाच्या आधाराने तयार होणारे गोठणघटक (रक्त गोठवणारी प्रथिने) कमी करतात. त्यांचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीने मोजतात; आकडा जितका मोठा, तितके रक्त उशिरा गोठते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांत (एट्रियल फिब्रिलेशन) तो सहसा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान ही नंतरची औषधे एकेका गोठणघटकाला थेट रोखतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांची जात वेगळी: ती रक्तबिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाहीत. औषध लागलेली रक्तबिंबिका मरेपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस, निकामीच राहते. म्हणून गोळी बंद केली तरी परिणाम लगेच ओसरत नाही.

काळेनिळे डाग बहुधा हातांवर आणि पायांवर उमटतात. उतारवयात त्वचा पातळ होते आणि केशवाहिन्यांचा आधार सुटतो, त्यामुळे कुठे लागले हे आठवतही नाही आणि डाग मात्र दिसतो. तो आधी लालसर-जांभळा, मग हिरवट, पिवळट होत जातो. साकळलेले रक्त खाली उतरते, म्हणून कपाळाला लागल्यावर दोन दिवसांनी डोळ्याभोवती काळे झालेले पाहून घरचे घाबरतात. ते केवळ उतरलेले रक्तही असू शकते. भीती डागाच्या रंगाची नाही. सूज वाढत जाणे, मांडी किंवा पोटरी दगडासारखी टणक होणे, मार बसलेल्या भागाला बधिरपणा येणे, कंबरेत किंवा कुशीत दुखून चक्कर येणे ही आत रक्त साचत असल्याची लक्षणे आहेत. काहीही न लागता जागोजागी डाग उठू लागले, तर आयएनआर वाढल्याची शंका घ्यावी. वेदनेसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

डोक्याला मार लागणे ही या विषयातली सर्वांत गंभीर बाब. वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्यापासून आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही त्या फाटू शकतात. आवरणाखाली साचणारे हे रक्त (सबड्युरल हिमॅटोमा) कधी काही तासांत, तर कधी काही आठवड्यांनी लक्षणे दाखवते: वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूची शक्ती कमी होणे, चालताना झोक जाणे. अशा वेळी "वयामुळे विसरतात" असे म्हणून सोडून देणे फार महागात पडते. रक्त गोठू न देणारे औषध चालू असताना डोके आपटले, तर टेंगूळ लहान असो, माणूस ठणठणीत वाटो, त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. बहुतेक वेळा सीटी स्कॅन करतात. तो स्वच्छ आला तरी पुढचे काही दिवस लक्ष ठेवावे लागते.

मग पडण्याच्या भीतीने औषध बंद करावे का? बहुतेकांच्या बाबतीत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो आणि वॉरफेरिन तो जवळपास दोन तृतीयांशाने कमी करते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती विश्लेषणानुसार, सबड्युरल रक्तस्रावाच्या धोक्याने वॉरफेरिनचा फायदा पुसून जायला वर्षातून सुमारे 295 वेळा पडावे लागेल. हे गणित काही गृहीतकांवर उभे आहे आणि ते प्रत्येक रुग्णाला जसेच्या तसे लागू होत नाही, पण घाबरून मनाने गोळी थांबवणे किती जोखमीचे आहे हे त्यातून कळते. पडणे टाळण्याकडे लक्ष देणे अधिक उपयोगी: रात्रीचा उजेड, घसरत्या चटया, चष्म्याचा नंबर, झोपेच्या गोळ्या, उठताना रक्तदाब उतरणे.

उघड्या जखमेवर स्वच्छ कापड न उचलता 10 ते 15 मिनिटे घट्ट दाबून धरावे. मुक्या मारावर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा. रुग्णालयात गंभीर रक्तस्रावासाठी उतारे असतात: वॉरफेरिनसाठी के जीवनसत्त्व आणि गोठणघटकांचे मिश्रण, डॅबिगॅट्रानसाठी इडारुसिझुमॅब. कोणता द्यायचा हे औषध कोणते आणि शेवटची मात्रा किती वाजता घेतली यावर ठरते, म्हणून औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी.