चिकटायचं, पण बेतानं

गाडीच्या ग्रिलवरची चकचकीत क्रोम पट्टी काळी करायची हौस हल्ली बरीच दिसते. त्यासाठी रबराच्या लेपाचा स्प्रे कॅन मिळतो. लेप मारायचा आणि कंटाळा आला की सोलून काढायचा. खाली क्रोम होतं तसंच. या प्रकारातलं जुनं नाव म्हणजे ‘प्लास्टी डिप’. अमेरिकेत १९७२ मध्ये ते आलं, तेव्हा गाड्यांशी त्याचा संबंध नव्हता. पकडीची मूठ डब्यात बुडवून बाहेर काढायची, की तिच्यावर रबराचं आवरण चढायचं.

साध्या रंगानं धरून बसावं, एवढीच आपली अपेक्षा असते. या लेपानं मात्र पावसापाण्यात, धुण्यात टिकायचं आणि तरीही बोटानं ओढला की अखंड निघायचं. ते जमतं, कारण तो पत्र्याला जितका चिकटतो त्याहून स्वतःला जास्त घट्ट धरून असतो.

यात एक मजेदार गणित आहे. पापुद्रा सरळ वर ओढताना किती जोर लागेल, हे पट्टीच्या रुंदीवर आणि खालच्या चिकटपणावर ठरतं. जाडीचा त्यात फारसा वाटा नसतो. पापुद्रा फाटायला लागणारा जोर मात्र जाडीच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट केली, तर फाटायला दुप्पट जोर लागेल, पण सुटायला जवळपास पूर्वीइतकाच. कॅन पुरवून वापरायचा म्हणून दोनच हात मारले, तर लेप दिसायला झकास दिसेल. काढताना मात्र नखानं खरवडत बसावं लागेल. निदान चार-पाच हात हवेतच. या कामात काटकसर महागात पडते.

पण हे सगळे हात पातळच हवेत. कॅनमधलं रबर टोल्युइनसारख्या द्रावकांत विरघळलेलं असतं. द्रावक उडून गेला की रबराच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतून पापुद्रा तयार होतो. एकदम जाड थर दिला, तर वरचा भाग आधी सुकून सायीसारखा धरतो, खालचा द्रावक अडकतो आणि मग फुगे किंवा ओघळ येतात. पहिला हात तर इतका विरळ असावा की खालचं क्रोम अर्धंअधिक दिसत राहील. कॅन १५ ते २० सेंटीमीटर लांब धरायचा, पट्टीच्या बाहेर फवारा सुरू करून बाहेरच थांबवायचा आणि दोन हातांत साधारण अर्धा तास जाऊ द्यायचा.

हवामानाचंही बघावं लागतं. भर उन्हात थेंब वाटेतच सुकतात आणि पट्टीला वाळूसारखा खरखरीत पोत येतो. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, वेगळीच पंचाईत. द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पट्टी गार पडते, दमट हवेतली वाफ तिच्यावर जमते आणि काळ्या लेपावर पांढुरकी झाक येते.

आधी पट्टी शाम्पूनं धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. मेणाचं पॉलिश राहिलं, तर लेप कडेनं आपोआप उचलला जाईल. मास्किंग टेप मात्र शेवटचा हात ओला असतानाच काढायचा. सुकेपर्यंत थांबलात, तर टेपवरचा आणि पट्टीवरचा पापुद्रा एकच झालेला असतो. टेपबरोबर कडाही उचलली जाते.

काही जागा सोडलेल्याच बऱ्या. हेडलाइटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि टोल्युइननं तिला बारीक तडे जातात. हल्लीच्या काही गाड्यांत पुढच्या लोगोमागे रडार असतं, त्यावर लेप नको. गॅरेजमध्ये टचअप केलेल्या भागाबद्दलही सावध राहा. कंपनीचा भट्टीत पक्का झालेला रंग द्रावकाला दाद देत नाही, पण नुसता सुकून बसलेला रंग विरघळून लेपात मिसळू शकतो. आडोशाच्या जागी थिनरचा बोळा फिरवून पाहावा. कापसाला रंग लागला, तर त्या भागाच्या वाटेला जाऊ नये.

टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साचते आणि ठिणगीनं पेट घेऊ शकते. मोकळ्यावरच काम करा. कापडी मास्कनं वाफ अडत नाही. सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो.

टायरच्या रबरातल्या साखळ्या गंधकानं कायमच्या बांधलेल्या असतात, या लेपातल्या तशा नसतात. म्हणूनच पेट्रोलच्या झाकणाजवळ थेंब सांडले की तो मऊ पडून सुरकुततो. याच दुबळेपणाचा काढताना मात्र फायदा होतो. जुना लेप पातळ असल्यानं तुकड्यातुकड्यानं निघत असेल, तर त्यावर आणखी दोन-तीन हात मारायचे. नव्या द्रावकानं जुना थर मऊ होतो आणि दोन्ही मिळून एकजीव पापुद्रा बनतो. चार-पाच तास नीट सुकू द्यायचा, कडेला अंगठ्यानं चोळून टोक सोडवायचं आणि सावकाश ओढायचं.